ट्रायलच्या टेबलावर क्यूसीचा शिक्का नको

भोसरी, चिंचवड, आकुर्डी, तळवडे, चाकण या पट्ट्यात काम करणाऱ्या माणसाला वस्तू बिनचूक कशी बनवायची हे वेगळं शिकवावं लागत नाही. कारखान्याच्या गेटातून आत शिरल्या दिवसापासून तेच शिक्षण चालू असतं. जमिनीवर पिवळे पट्टे, प्रत्येक पान्याची जागा आखून दिलेला बोर्ड, मशीनवर लटकवलेलं कामाचं पत्रक, चुकलेल्या मालासाठी लाल बिन. ग्राहकाचं ऑडिट असलं की एक चिंधीसुद्धा जागेबाहेर दिसत नाही. या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. गाडीच्या ब्रेकचा भाग लाखांत एकदाही चुकू नये, असं वाटणाऱ्या माणसांमुळेच आपण हायवेवर निर्धास्त असतो.

पण याच पट्ट्यात ड्युटी संपल्यावर काहीतरी नवं घडवू पाहणारी माणसंही पुष्कळ आहेत. कुणी कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी नाटक लिहितं. कुणी कंपनीतल्या मित्रांच्या दिवाळी अंकासाठी कथा लिहायला घेतं. कुणी गावाकडच्या शेतासाठी कांदा लावायचं अवजार स्वतःच्या डोक्याने जुळवतं, तर कुणाला नोकरी सोडून स्वतःचं छोटं उत्पादन बाजारात आणायचं असतं. या सगळ्यांकडून एक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे : ‘डोक्यात सगळं क्लिअर असतं हो, पण करायला घेतलं की पार घाण होते.’ मग वही मिटते, पत्रे आणि अँगल जिन्याखाली जातात, नाटकाचा पहिला अंक पेनड्राइव्हमध्ये पडून राहतो.

अशा माणसांना प्रतिभा नाही असं मला वाटत नाही, आणि ती आळशी तर मुळीच नसतात. आठ तास प्रॉडक्शनमध्ये मुरवलेली शिस्त ती चुकीच्या टप्प्यावर लावतात. अजून ट्रायलमध्ये असलेल्या कामावर ती फायनल इन्स्पेक्शनचे निकष लावतात, आणि पहिलाच पीस रिजेक्ट झाला म्हणून लाइन बंद करून टाकतात. गंमत अशी की स्वतःच्या कंपनीच्या टूलरूममध्ये किंवा डेव्हलपमेंटमध्ये असं कुणी वागलं तर हीच माणसं त्याला चार गोष्टी सुनावतील. तेव्हा पसारा आणि अनिश्चितता कशी सांभाळायची हे शिकायला लांब जायला नको. आपल्याच शॉपच्या दुसऱ्या टोकाला ते रोज चाललेलं असतं.

इंजेक्शन मोल्डिंगच्या शॉपमध्ये नवा मोल्ड मशीनवर चढतो तो दिवस घ्या. टूलरूमचा माणूस, मोल्डिंगचा सेटर, डिझाइनचा इंजिनिअर, कधी ग्राहकाचाही माणूस, असे सगळे मशीनभोवती जमलेले असतात. हॉपरमध्ये वाळवलेला दाणा भरलेला असतो. नवख्याला वाटतं, आता अख्खा पीस काढून बघणार. जाणता सेटर तसं करत नाही. तो होल्डिंग प्रेशर काढून टाकतो आणि माल मुद्दाम कमी सोडतो. पहिला पीस पडतो तो तळहाताएवढा, गेटाजवळचाच, कडा गोलसर थिजलेल्या. मग थोडा जास्त माल, मग आणखी थोडा. काही वेळात टेबलावर ओळीने पीस मांडलेले दिसतात. एक पाव भरलेला, एक निम्मा, एक पाऊण, एक जवळजवळ पूर्ण पण कोपऱ्यातला बोटभर भाग नसलेला.

याला शॉर्ट शॉट म्हणतात. प्रॉडक्शनमध्ये शॉर्ट शॉट निघाला तर तो सरळ लाल बिनमध्ये जातो आणि सेटरला विचारणा होते. ट्रायलमध्ये मात्र त्याच अर्धवट पीसवर मार्करने नंबर टाकून तो जपून ठेवतात. मोल्डच्या आत माल कसा धावतो, हे त्यातून दिसतं. कुठली बाजू आधी भरते, दोन धारा कुठे येऊन भेटतात, म्हणजे वेल्ड लाइन कुठे पडणार, हवा कुठे कोंडते, व्हेंट कुठे द्यावा लागेल. पूर्ण भरलेल्या पीसमध्ये हे सगळं झाकलं जातं. चकचकीत पीस बघून तो आत कसा घडला हे सांगता येत नाही. अर्धवट पिसांच्या रांगेवरून सांगता येतं. प्रत्येक मोल्डला हे करून चालत नाही, बरं का. काहींमध्ये अर्धवट पीस आतच अडकून बसतो आणि काढताना मोल्डला इजा होते. म्हणून सेटर आधी ड्रॉइंग बघतो, मग ठरवतो.

तुमच्या कामाचे असेच शॉर्ट शॉट काढा, एवढंच मला पहिल्यांदा सांगायचं आहे. नाटक लिहायचं आहे ना? पहिल्या प्रवेशापासून पडदा पडेपर्यंत ओळीने लिहायला बसू नका. ज्या प्रसंगासाठी हे नाटक सुचलं तो एकच प्रसंग लिहा. समजा, प्लांट बंद झाल्याची नोटीस लागते आणि बाप-लेक दोघं एकाच गेटाबाहेर उभे आहेत. तेवढाच लिहा, दहा मिनिटांचा. ते दोघं कुठून आले, आई कशी आहे, घर निगडीत की दिघीत, काही ठरवू नका. दोन मित्रांना उभं करून तो वाचून घ्या. वाचताना कळेल की लेकाकडे बोलायला पुष्कळ आहे आणि बापाची वाक्यं नुसती टेकूसारखी आहेत. हीच तुमची हवा कोंडण्याची जागा. आता पुढचा शॉट बापाचा घ्या.

कथेचंही तसंच. सुरुवात सुचत नाही म्हणून महिने काढणारे लेखक मला माहीत आहेत. सुरुवात हा सगळ्यात शेवटी भरणारा कोपरा असतो. तो आधी भरायचा हट्ट कशाला? जे दिसतंय तिथून लिहा, मधली जागा रिकामी सोडा, तिथे कंसात ‘इथे काहीतरी घडतं’ असं लिहून पुढे जा. अवजार बनवणाऱ्याने थेट प्लेट कापायला टाकू नये. पुठ्ठा, प्लायवूड, जुन्या पॅकिंगच्या पेटीच्या फळ्या, केबल टाय यांत पूर्ण मापाचा ढाचा उभा करावा आणि तो हातात धरून वाकून बघावं. कमरेला रग कुठे लागते हे स्क्रीनवरचं मॉडेल सांगत नाही.

एक अट मात्र पाळा. प्रत्येक ट्रायलला एक प्रश्न असला पाहिजे आणि तो आधी लिहिलेला असला पाहिजे. सेटर माल कमी सोडतो तेव्हा त्याला काय बघायचं आहे ते त्याला ठाऊक असतं. प्रश्नच नसेल तर अर्धवट पीस हा नुसता अर्धवट पीस. ‘आज बापाच्या तोंडी किती शब्द शोभतात ते बघायचं’ इतका छोटा प्रश्न पुरे.

पसाऱ्याला जागा कुठे द्यायची आणि कुठे अजिबात द्यायची नाही, याचं मला माहीत असलेलं उत्तम उदाहरण पिंपरीतच आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली एच. ए. कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये ती स्थापन झाली आणि १९५५ मध्ये इथे पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. ज्या औषधासाठी हा कारखाना उभा राहिला त्याची कूळकथा तुम्ही शाळेत वाचली असेल. सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतले, तेव्हा टेबलावर जंतू वाढवलेल्या काचेच्या बश्या तशाच पडल्या होत्या. एकीत बुरशी शिरली होती आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले होते.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि पसाऱ्याचं कौतुक करतात. मला तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. फ्लेमिंगनी ती बशी धुवून टाकली नाही. तिचा फोटो काढला, ती टिकवून ठेवली, आणि १९२९ मध्ये निरीक्षणं छापली. तरीही त्यांना ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं काढता आलं नाही. पुढे दहाएक वर्षांनी ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते काम हातात घेतलं. युद्धाचे दिवस, सामग्रीची टंचाई; त्यांनी बुरशी वाढवायला बेडपॅनसारखी मातीची भांडी वापरली. भरघोस उत्पादन देणारी बुरशीची जात मिळाली ती १९४३ मध्ये, अमेरिकेत पिओरिया गावच्या एका कुजलेल्या खरबुजावर. म्हणजे बशीपासून कारखान्यापर्यंतचा रस्ता पंधरा वर्षांचा, आणि त्यातली कुठलीही पायरी आधी कुणी आखून ठेवलेली नव्हती.

आता पिंपरीकडे परत येऊ. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एच. ए.च्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतल्या सूक्ष्मजीवांमध्ये नवी प्रतिजैविकं शोधत होते. हे काम कसं चालतं ते समजून घ्या. माती पाण्यात कालवायची, पातळ करायची, बशीत पसरायची. काही दिवसांनी पांढरे, करडे, पिवळसर, तपकिरी ठिपके उगवतात. एकेक ठिपका वेगळा वाढवायचा आणि तो बुरशीला रोखतो का ते बघायचं. बहुतेक निरुपयोगी निघतात. पण त्या शोधातूनच हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध हाती आलं. नावातला ‘हॅ’ हा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा. आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या गावाचं नाव सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकांत गेलं ते असं, चिखल कालवून. पिकांवरच्या बुरशीसाठी वापरलं जाणारं ऑरिओफंजिनही याच संशोधन विभागाचं.

एका बाजूला माती पसरलेल्या बश्या, आणि त्याच आवारात दुसरीकडे पेनिसिलिनच्या फर्मेंटरच्या टाक्या होत्या. टाकीत जाणारी हवासुद्धा निर्जंतुक करावी लागते. परका जंतू शिरला तर अख्खी बॅच ओतून द्यावी लागते. प्रयोगशाळेतला माणूस मातीतल्या जीवांचं स्वागत करतो, टाकीवरचा माणूस त्यांना दाराबाहेर ठेवतो. दोघंही बरोबर असतात. मातीची बशी टाकीजवळ आणली तर अनर्थ, आणि टाकीचे नियम मातीच्या बशीला लावले तर हॅमायसिन कधी सापडलंच नसतं.

घरात किंवा वर्कशॉपमध्ये काम करताना हीच विभागणी जागेने करा, नुसती मनात ठेवून भागत नाही. मनात ती टिकत नाही. ज्या वहीत कच्चं लिहायचं ती वही वेगळी, शक्यतो स्वस्त, फाडायला जीव तुटणार नाही अशी. ज्या फाइलमध्ये पक्कं टाइप करायचं ती वेगळी. कच्च्या वहीत शुद्धलेखन तपासायचं नाही, खोडायचंही नाही. नको असलेल्या ओळीवर एक रेघ मारून पुढे जायचं, म्हणजे ती वाचता येते. छोट्या खोलीत राहणाऱ्यांना पसाऱ्याची मोठी अडचण असते हे मी जाणतो. वन रूम किचनमध्ये अवजाराचे तुकडे पसरून ठेवता येत नाहीत, पोरांचा अभ्यास असतो, सकाळी पाण्याची वेळ असते. अशांनी एक मोठा ट्रे किंवा भाजीचा क्रेट ठरवावा. काम संपलं की सगळं जसंच्या तसं त्या क्रेटमध्ये, न आवरता. दुसऱ्या दिवशी क्रेट पुढ्यात ओढला की जिथे थांबलो होतो तिथूनच सुरुवात. घरच्यांना आधी सांगून ठेवा की या क्रेटमधलं काही फेकायचं नाही आणि नीट लावायचंही नाही. बायको किंवा आई प्रेमाने आवरून ठेवते आणि दोन आठवड्यांचा धागा हरवतो; तिचा दोष नसतो, तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि पसाऱ्याला लेबल लावा. टूलरूममध्ये ट्रायलच्या पिसावर तारीख, ट्रायलचा नंबर आणि काय बदललं ते लिहिलेलं असतं. तुमच्या कच्च्या पानाच्या कोपऱ्यात एवढंच हवं : तारीख, आणि ‘या वेळी मुलगी निवेदक केली’ यासारखी एक ओळ. तीन महिन्यांनी या ओळी वाचाल तेव्हा काम कुठे वळलं ते दिसेल. लेबल नसलेला पसारा मात्र लवकरच भंगार होतो, आणि भंगारवाल्याला देताना त्यात काय होतं हेही आठवत नाही.

अनिश्चितता ही पसाऱ्याहून अवघड. पसारा डोळ्यांना दिसतो, उचलून ठेवता येतो. ‘हे जमणार का, आणि केव्हा’ हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. यावर उपाय म्हणून लोक धीर धरा असं सांगतात, पण धीर कशाच्या आधारावर धरायचा?

टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरीतल्या प्लांटचा इतिहास मला इथे उपयोगी वाटतो. सुमंत मुळगावकरांनी १९६६ च्या सुमारास इथलं काम सुरू केलं, तेव्हा आधी ट्रक बनवायला घेतले नाहीत. मशीन टूल आणि डाय बनवणारे विभाग उभे केले, मुलांना प्रशिक्षण दिलं, उजाड माळावर झाडं लावली, तळं केलं. इथून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं ते १९७७ मध्ये. त्या अकरा वर्षांत कुणी विचारलं असतं की ट्रक कुठे आहे, तर दाखवायला ट्रक नव्हता. पण डाय होत्या, त्या बनवणारे हात होते. उत्पादन अनिश्चित असताना क्षमता मात्र दर महिन्याला वाढत होती आणि ती मोजता येत होती. तुमची कादंबरी पुरी होईल की नाही ते आज सांगता येणार नाही. पण या महिन्यात संवाद लिहिण्याचा हात बसला का, वेल्डिंगचा टाका गेल्या वेळेपेक्षा सरळ आला का, हे नक्की सांगता येतं. तेवढ्यावर धीर धरता येतो.

याच प्लांटची पुढची मोठी कहाणी इंडिकाची. ट्रक बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या आराखड्याची प्रवासी मोटार करायची ठरवली. असेंब्ली लाइन नवी घेणं परवडेना म्हणून ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला प्लांट विकत घेतला, तो सुटा केला, जहाजांनी आणला आणि इथे पुन्हा जोडला. दुसऱ्याच्या कारखान्याचे हजारो सुटे भाग आपल्या आवारात उतरल्यावर कसं दिसत असेल, याची कल्पना ज्याने एखादी जुनी मशीन खोलून परत जोडली आहे त्याला येईल. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी दाखवली, डिसेंबरात ती बाजारात आली, एक लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. आणि मग तक्रारी आल्या. आवाज, थरथर, टायर लवकर झिजणं. कंपनीने ठिकठिकाणी शिबिरं घेऊन गाड्या तपासल्या, भाग बदलून दिले. २०००-०१ या वर्षी पाचशे कोटींचा तोटा झाला. गाडी घेतलेल्यांच्या याच तक्रारींवर काम करून २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आली आणि ती पुढे वर्षानुवर्षं चालली. या पट्ट्यात टॅक्सी म्हणून कुणी ती पाहिली नसेल असं होणार नाही.

यातून मी जो धडा घेतो तो थोडा कडवट आहे. काही चुका कितीही ट्रायल घेतल्या तरी आत बसून दिसत नाहीत. त्या वापरणाऱ्याच्या हातातच दिसतात. म्हणून काम लोकांपुढे नेण्याचा एक टप्पा तुमच्या योजनेत लवकर हवा, आणि तो छोटा हवा. लाखभर लोकांपुढे चूक उघडी पडणं फार महाग पडतं. दहा जणांपुढे पडू द्या. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे नाट्यगृहात किंवा संत तुकारामनगरच्या अत्रे रंगमंदिरात प्रयोग लागण्याआधी सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, नेपथ्याविना, हातात संहिता धरून एक वाचन करा. बोलवायचे कोण? नाटकवाले दोघंच बोलवा, बाकीचे आठ जण असे हवेत ज्यांना नाटकातलं काही कळत नाही असं ते स्वतः म्हणतात. वाचन संपल्यावर ‘कसं वाटलं’ असं विचारू नका. ‘छान’ असं उत्तर येतं आणि संपतं. ‘कुठे मोबाइल बघावासा वाटला?’ असं विचारा. ‘बापाचं पुढे काय झालं असं वाटतं?’ असं विचारा. वाचन चालू असताना तुम्ही मागे बसा आणि संहितेकडे न बघता माणसांकडे बघा. खुर्चीत कुठे चुळबुळ होते त्या जागी समासात टिंब करा. उत्तरांपेक्षा ती टिंबं जास्त खरं सांगतात, असा माझा अनुभव आहे.

आणि आपल्याला हवं ते ऐकायला जाऊ नका. टाटा एसची, म्हणजे छोट्या हाथीची गोष्ट वाहन उद्योगात सगळ्यांना ठाऊक आहे. २००५ च्या मे महिन्यात ती बाजारात आली, पण त्याआधी काही वर्षं गिरीश वाघ आणि त्यांचे सहकारी मालवाहू तीनचाकी चालवणाऱ्यांशी बोलत हिंडले. तुला चारचाकी का हवी, या प्रश्नाला एकाने उत्तर दिलं ते असं, की चारचाकी असेल तर लग्न जुळणं सोपं जाईल. माल किती मावतो, मायलेज किती मिळतं, असल्या प्रश्नांच्या फॉर्ममध्ये हे उत्तर कुठल्या रकान्यात बसलं असतं? ज्याचा प्रश्न मोकळा होता त्यालाच ते ऐकू आलं. दोन सिलिंडरचं, जेमतेम सातशे सीसीचं डिझेल इंजिन असलेली ती गाडी खऱ्या चारचाकी ट्रकसारखी दिसते, यात त्या उत्तराचाही वाटा आहे असं मला वाटतं.

नोकरीतच नवं काही घडवण्याचं काम असलेल्यांची अडचण वेगळी. चाकणच्या मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या एखाद्या छोट्या व्हेंडरकडे डेव्हलपमेंट सांभाळणारी मुलगी किंवा मुलगा घ्या. ग्राहकाचं ड्रॉइंग तिसऱ्यांदा बदललेलं असतं, पत्रा वाकवला की तो उसळी मारून अर्धा अंश परत येतो, डाय किती घासावी लागेल ते कुणालाच सांगता येत नाही. आणि साहेब रोज सकाळी एकच विचारतात : ‘कधी होणार?’ घाबरून तारीख दिली जाते, ती चुकते, पुढची दिली जाते, तीही चुकते. अशा वेळी तारखेऐवजी ट्रायलचा आराखडा द्या. एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जे ठरलं आहे ते : मटेरियल, जाडी, प्रेस कुठली. उजवीकडे जे ठरलेलं नाही ते, आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या ट्रायलने ठरेल आणि ती ट्रायल केव्हा आहे. ‘साहेब, पीस कधी ओके होईल ते आज सांगता येत नाही. पण गुरुवारच्या ट्रायलनंतर उसळी किती हे नक्की सांगते, आणि मग डायचे किती दिवस ते सांगता येईल.’ असं बोलणाऱ्यावर साहेबांचा विश्वास बसायला एक-दोन गुरुवार लागतात, पण बसतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मात्र इथे कटाक्षाने पाळा. घाईत डाय घासली, शिमही टाकली आणि प्रेशरही वाढवलं, तर पीस चांगला आला तरी तो कशामुळे आला ते कळत नाही, आणि पुढच्या लॉटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

लिहिण्यात हा नियम इतका कडक नको. तिथे कधीकधी तीन गोष्टी एकदम बदलल्यावरच काहीतरी हलतं. फक्त जुना मसुदा पुसून टाकू नका, वेगळा ठेवा.

काही ठिकाणी गोंधळाला सूट नाही, तेही सांगायलाच हवं. प्रेसचा गार्ड काढून, सेन्सरला चकवून ट्रायल घ्यायची नाही. या पट्ट्यात बोटं गमावलेली माणसं आपल्या ओळखीची आहेत. दुसऱ्याच्या वेळेचाही खेळ करायचा नाही. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला तालमीला येणाऱ्या नटाला बसवून ठेवून तुम्ही प्रवेश जुळवत बसणं हे सर्जन नव्हे, तो बेफिकीरपणा झाला. तालमीची वेळ, चहा, घरी सोडायची सोय, हे सगळं लोखंडासारखं पक्कं हवं, म्हणजे तालमीच्या आत हवा तेवढा शोध घेता येतो. आणि उसने आणलेले पैसे. पीएफ काढून, सोनं गहाण ठेवून अवजाराचा दहावा ढाचा करायचा नाही. ट्रायलसाठी दरमहा किती रक्कम घालवायची ते घरात बसून ठरवा, ती गेली तरी कुणी काही बोलणार नाही अशी रक्कम, आणि ती संपली की पुढच्या महिन्यापर्यंत पुठ्ठ्यावर काम करा. पुठ्ठा पुष्कळ शिकवतो.

गोंधळात रमणं ही सवय होऊ शकते, हा धोका मी पाहिलेला आहे. काही जण वर्षानुवर्षं कच्चंच लिहितात, कारण कच्च्याला कुणी नावं ठेवत नाही. ट्रायल कुठे थांबवायची? मोल्डवाल्यांची खूण अशी की सलग दोन-तीन बदलांनंतर पीस आहे तसाच येतो, नवं काही कळत नाही. तुमच्याही कामात गेल्या दोन वाचनांत नवं टिंब पडलं नसेल, तर तो मसुदा गोठवा. त्या दिवसापासून आठ तासांच्या ड्युटीत शिकलेलं सगळं कामाला लावा. शुद्धलेखन, जोडाक्षरं, प्रवेशांचे नंबर, प्रकाशयोजनेचा तक्ता, नटबोल्टची साइझ, रंगाची जाडी. आता पान्याची जागा आखलेला बोर्डही हवा आणि लाल बिनही. प्रयोगाच्या शेवटच्या आठवड्यात संहितेतला एकही शब्द बदलायचा नाही, हे पहिल्या तालमीलाच सगळ्यांना सांगून ठेवा. त्या आठवड्यात जे सुचेल, आणि नेमकं तेव्हाच पुष्कळ सुचतं, त्याच्यासाठी एक कोरी स्वस्त वही आधीच आणून क्रेटमध्ये टाका.